सेवकाचा अपराध आणि दफ्तराचा दोष

सन १९०९ मध्ये म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयातील पंडित शामशास्त्री यांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्राची संहिता छापून प्रसिद्ध केली, तेव्हा अभ्यासकांची दृष्टी स्वाभाविकपणेच त्यातील मंडलसिद्धांतावर, षाड्गुण्यावर आणि गूढपुरुषांच्या विलक्षण जाळ्यावर खिळली. परंतु ज्याने कधी एखादी कचेरी चालविली आहे, दहा-वीस माणसांकडून काम करवून घेतले आहे, किंवा स्वतःच दुसऱ्याच्या हाताखाली चाकरी केली आहे, अशा वाचकाला त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणातील सातवा, आठवा आणि नववा हे तीन अध्याय अधिक ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाहीत. पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या अवधीत चिकित्सित संहिता, भाषांतर आणि विवेचन असे तीन खंड सिद्ध केले, आणि या अध्यायांतील गुंतागुंतीचा हिशेबी मजकूर पुष्कळसा उलगडला. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही; कोणी तो मौर्यकाळात नेतात, तर कोणी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत खाली आणतात. काळ कोणताही धरला, तरी पगार घेऊन दुसऱ्याचे काम करणारा मनुष्य त्या कामाची हानी कोणकोणत्या रीतींनी करू शकतो, याचे इतके सूक्ष्म वर्गीकरण त्यापूर्वी कोणी करून ठेवल्याचे दिसत नाही.

अपहार करणारा नोकर वाईट, त्याला दंड करावा, इतकेच सांगून कौटिल्य थांबला असता, तर त्याच्या म्हणण्यात विशेष असे काहीच नव्हते. विशेष आहे ते त्याच्या विचाराच्या दिशेत. सेवकाच्या हातून होणाऱ्या हानीची मुळे जितकी त्याच्या स्वभावात असतात तितकीच तो ज्या दफ्तरात बसतो त्याच्या रचनेत असतात, त्याला मिळणाऱ्या वेतनात असतात आणि त्याच्यावर हुकमत गाजविणाऱ्या वरिष्ठाच्या वागणुकीत असतात, हे त्याने ओळखले होते. आणि गेल्या तीन शतकांतील कंपन्यांचा, गिरण्यांचा व बँकांचा इतिहास पाहिला, तर त्याच एका गोष्टीचा प्रत्यय पुन्हा पुन्हा येतो.

कोशाचा क्षय आठ मार्गांनी होतो असे कौटिल्य सांगतो. वसूल व्हावयाची रक्कम वसूलच न करणे, किंवा वसूल करून कोशात न भरणे, हा प्रतिबंध. सरकारी द्रव्य मधल्या काळात व्याजी लावून वृद्धी आपण घेणे हा प्रयोग, आणि त्याच द्रव्यावर व्यापार करणे हा व्यवहार. मुदत भरली असता भरली नाही असे, अथवा न भरली असता भरली असे दाखवून त्या सवडीत लाच उपटणे हा अवस्तार. ठरलेले उत्पन्न घटविणे किंवा खर्च फुगविणे हे परिहापण. राजद्रव्य स्वतः भोगणे वा दुसऱ्यास भोगू देणे हा उपभोग. चांगली वस्तू काढून तिच्या जागी हलकी ठेवणे हे परिवर्तन. आणि आलेली जमा न लिहिणे, लिहिलेला खर्च प्रत्यक्षात न करणे, हाती असलेली शिल्लक नाकारणे, हा उघडउघड अपहार होय. यांतील शेवटच्या प्रकाराला अपहृत रकमेच्या बारापट दंड सांगितला आहे. ही यादी वाचताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते, ती अशी की यांपैकी काही प्रकारांत धन्याचा एक पैसाही अखेरीस कमी पडत नाही. व्याजी लावलेली रक्कम परत येते, व्यापारात गुंतविलेले भांडवल पुन्हा पेटीत जाते, आणि वह्या जुळतात; तरीही कौटिल्य त्याला क्षयच म्हणतो, कारण मधल्या काळात त्या धनावरची सत्ता मालकाच्या हातून निसटून नोकराच्या हाती गेलेली असते.

या आठांखेरीज प्रत्यक्ष चोरीचे चाळीस उपाय त्याने वेगळे मोजले आहेत. आधी आलेली रक्कम मागाहून लिहावी, मागाहून आलेली आधी लिहावी, आलेली आली नाही म्हणून दाखवावी व न आलेली आली म्हणून दाखवावी, थोड्याचे पुष्कळ करावे व पुष्कळाचे थोडे, एकाकडून आलेली दुसऱ्याच्या नावे घालावी, एका वस्तूच्या जागी दुसरी लिहावी, मापात, तोलात व मोजणीत अंतर ठेवावे, अशी ही मालिका चालते. तीतील पहिलाच प्रकार आजचे लेखापरीक्षक अजूनही शोधीत असतात. पहिल्या ग्राहकाने भरलेले पैसे रोखपाल खिशात घालतो, दुसऱ्याने भरले की ते पहिल्याच्या खात्यावर जमा दाखवितो, तिसऱ्याचे दुसऱ्याच्या खात्यावर चढवितो, आणि ही साखळी तुटू नये म्हणून बिचारा वर्षानुवर्षे हक्काची रजासुद्धा घेत नाही. म्हणूनच बँकांतून जबाबदारीच्या जागेवरील माणसाला वर्षातून काही दिवस सक्तीने रजेवर पाठविण्याची पद्धत पडली आहे; त्या दिवसांत कीर्द दुसऱ्याच्या हाती जाते आणि साखळी उघडी पडते.

या चाळीस वाटांवर बंदोबस्त काय, या प्रश्नाचे कौटिल्याने दिलेले उत्तर तीन अंगांचे आहे. पहिले अंग हिशेबाच्या शिस्तीचे. वर्ष आषाढात संपते असे धरून सर्व खात्यांच्या हिशेबनीसांनी मोहरबंद वह्या व शिल्लक घेऊन मुख्य दफ्तरात हजर व्हावे, आणि तेथे जमल्यावर त्यांना परस्परांशी बोलू देऊ नये, इतकी बारीक तजवीज त्याने सांगितली आहे. दुसरे अंग चौकशीचे. अपहाराचा संशय आला की खात्यावरचा अधिकारी, कोठारात माल ठेवणारा, घेणारा, देणारा, देवविणारा आणि अधिकाऱ्याचे साहाय्यक अशा प्रत्येकाची जबानी वेगवेगळी घ्यावी. त्यांपैकी कोणी खोटे सांगितले तर मूळ अपराध्याइतकाच दंड त्यालाही करावा. आणि अमुक अंमलदाराकडून ज्यांना उपद्रव झाला असेल त्यांनी येऊन सांगावे, अशी दवंडी मुलखात पिटवून ज्याचे जितके नुकसान सिद्ध होईल तितके त्याला भरून द्यावे. तिसरे अंग खबर देणाऱ्याचे. अपहार उघडकीस आणून तो सिद्ध करून देणाऱ्या सूचकाला त्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा, तो स्वतः त्याच खात्यातला भृत्य असेल तर बारावा द्यावा, आणि आरोप खोटा ठरला तर त्यालाच शिक्षा करावी. खात्यातल्या माणसाचा हिस्सा निम्म्यावर आणण्यात त्याचा हेतू काय असावा, याविषयी तर्कच करावा लागतो. पण खबर काढणे हे नोकराच्या कर्तव्यातच मोडते, परक्याच्या नव्हे, हा विचार त्यामागे असावा.

इतके करूनही चोरी पुरती थांबेल अशी त्याची समजूत नव्हती. पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कोणाला कळत नाही तसेच अर्थकार्यावर नेमलेला माणूस द्रव्य केव्हा खातो हे कळत नाही, हा त्याचा दृष्टांत सुप्रसिद्ध आहे, आणि तो बहुधा सरकारी नोकरांची कुचेष्टा करण्यासाठीच उद्धृत होतो. परंतु त्याच अध्यायात, कोणत्याही खात्यावर एकच मुख्य नसावा, अनेक असावेत, आणि ते तेथे कायमचेही नसावेत, असा जो नियम त्याने घालून दिला आहे, तो दृष्टांताहून अधिक मोलाचा आहे. कारण माशाला दोष देऊन तो थांबत नाही, तर पाण्याचीच व्यवस्था बदलतो.

महाराष्ट्राच्या राज्यव्यवस्थेने हा नियम निराळ्या रूपाने अमलात आणला होता. शिवकालात प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे समान दर्जाचे अधिकारी असत, कोठाराचा हिशेब कारखानीस पाही, आणि किल्ला कोणा एकाच्या मुठीत राहत नसे. पेशवाईत मुलकी कारभारावरील मामलेदाराच्या किंवा कमाविसदाराच्या जोडीला दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, चिटणीस असे दरकदार असत. त्यांच्या नेमणुका वंशपरंपरेच्या असून हुजुरातून मान्य झालेल्या असत, यास्तव मामलेदाराला आपल्या मर्जीने त्यांना दूर करता येत नसे, आणि ज्या कागदावर ज्याची निशाणी पडावयाची त्याच्या निशाणीवाचून तो कागद पुरा होत नसे. या व्यवस्थेतही अंतस्थ म्हणून आतल्या आत द्यावयाच्या रकमा चालत होत्या आणि वंशपरंपरेमुळे आळसही शिरला होता. तथापि तिची खरी किंमत ती ढासळल्यावर कळली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मामले बोली लावून मक्त्याने देण्याची चाल वाढली, आणि बोलीत भरलेली रक्कम आधी व्याजासह परत मिळवून मग आपला फायदा काढावयाचा, एवढाच मक्तेदाराचा रयतेशी संबंध उरला. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात या चालीने झालेल्या नुकसानाची नोंद आहे. येथे मक्तेदार व्यक्तिशः दुष्ट होता की सज्जन होता, हा प्रश्नच गौण ठरतो. त्याने सज्जन राहणे परवडू नये अशीच जागा त्याच्यासाठी निर्माण केली गेली होती.

वेतनाचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात वर्षाला अठ्ठेचाळीस हजार पणांपासून साठ पणांपर्यंत वेतनाच्या पायऱ्या दिल्या आहेत, आणि सर्वांत वरच्या पायरीविषयी जे कारण सांगितले आहे ते असे की, एवढ्या भरणपोषणाने त्या माणसांना कोणी लालूच दाखवू शकत नाही आणि त्यांच्या मनात कोपही उत्पन्न होत नाही. लालूच आणि कोप ही दोन कारणे त्याने शेजारी शेजारी ठेवली, हे विसरता कामा नये. नोकर हानी करतो ती केवळ लोभाने नव्हे, रागानेही करतो, हे आजच्या मानसशास्त्राने पुष्कळ प्रयोगांअंती सांगितलेले तत्त्व तेथे एका ओळीत आले आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने मात्र नेमकी उलट वाट धरली होती. अठराव्या शतकाच्या मध्यास कंपनीच्या ‘रायटर’ला, म्हणजे नवशिक्या कारकुनाला, वर्षाला पाच पौंडांचे वेतन असे, सन १७४४ मध्ये मद्रासला आलेला रॉबर्ट क्लाइव्ह याच श्रेणीवर आला होता. एवढ्यात कोणाचेच भागणार नाही हे लंडनच्या संचालकांना पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी नोकरांना खासगी व्यापाराची मोकळीक दिली. बादशहा फर्रुखसियरने १७१७ मध्ये दिलेल्या फर्मानामुळे कंपनीच्या मालाला बंगालमध्ये जकात माफ होती. त्या माफीचे दस्तक कंपनीचे नोकर आपल्या खासगी मालासाठी, आणि पुढे पुढे देशी व्यापाऱ्यांना विकण्यासाठी, राजरोस वापरू लागले. जकात बुडू लागली तेव्हा नवाब मीर कासिमने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात उठवून टाकली, आणि आपला गैरवाजवी लाभ नाहीसा होतो आहे असे पाहून त्या नोकरांनी जे युद्ध ओढवून घेतले त्याची अखेर १७६४ मध्ये बक्सारच्या रणांगणावर झाली. कारकुनांच्या खासगी फायद्यासाठी एका सुभ्याचे राज्य उलथावे, इतकी ही हानी वाढली होती.

त्यानंतरच्या सुधारणांचा क्रमही बोधप्रद आहे. दुसऱ्या खेपेस १७६५ मध्ये परत आलेल्या क्लाइव्हने नजराणे न घेण्याचे करारनामे नोकरांकडून लिहून घेतले. १७७३ च्या नियामक कायद्याने नजराण्यांना मनाई केली. पण वेतन तेच राहिल्यामुळे या मनाईचा उपयोग बेताचाच झाला. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७८६ नंतर खासगी व्यापार बंद करतानाच जिल्ह्याच्या कलेक्टरला दरमहा पंधराशे रुपये आणि वसुलावर सुमारे शेकडा एक कमिशन ठरवून दिले, तेव्हा कोठे वरच्या वर्गातील लाचखोरीला खरा आळा बसला. मात्र त्याच कॉर्नवॉलिसने वरच्या जागांतून हिंदी माणसांना वगळले आणि ठाण्यावरील दरोग्याला दरमहा पंचवीस-तीस रुपयांच्या आसपास ठेवले. परिणामी बंगालमधील दरोगा हा पुढे कित्येक पिढ्या जुलमाचा आणि लाचेचा पर्याय होऊन बसला. साहेबाची सचोटी आणि दरोग्याची लबाडी यांची तुलना करून दोन समाजांच्या शीलाविषयी सिद्धांत मांडणारे त्या काळी पुष्कळ होते. दोघांच्या पगारांची तुलना करणारे थोडे होते.

तथापि केवळ पगार वाढवून सर्व प्रश्न सुटत असता, तर भरपूर वेतन घेणाऱ्यांच्या हातून कधीच काही घडले नसते. सन १७६२ मध्ये स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये बुडाली ती सिंगापूर शाखेतील निक लीसन या एका तरुण अधिकाऱ्यामुळे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वायद्याच्या व्यवहारांतील तोटा तो ८८८८८ या क्रमांकाच्या एका खात्यात दडवीत राहिला आणि अखेर तो आकडा सुमारे ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला. दोनशे तेहेतीस वर्षांची ती पेढी एका डच कंपनीने नाममात्र एक पौंडास घेतली. परंतु सौदे करणाराही तोच आणि त्या सौद्यांचे हिशेब मिटविणाऱ्या कचेरीचा प्रमुखही तोच, अशी व्यवस्था लंडनच्या वरिष्ठांनी चालू दिली होती. ही दोन कामे अलग करावीत असे बँकेच्याच अंतर्गत तपासनीसांनी आदल्या वर्षी सुचविले होते. आणि तो दाखवीत असलेल्या नफ्यावर वरिष्ठांचेही बोनस अवलंबून असल्याने ती सूचना अमलात आणण्याची निकड कोणाला वाटली नव्हती. मामलेदाराजवळच मजुमदाराची निशाणी देऊन टाकावी, तसा हा प्रकार झाला.

आता प्रश्न उरतो तो मनाचा. संधी असूनही बहुसंख्य माणसे चोरी करीत नाहीत. मग जो करतो तो स्वतःला काय सांगतो? डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विश्वासघाताच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात असलेल्या माणसांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा निष्कर्ष मांडला की, येथे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, कोणाजवळ बोलून दाखविता येत नाही अशी पैशाची अडचण. दुसरी, विश्वासाच्या जागेमुळे हाती आलेली संधी. आणि तिसरी, आपण चोर नव्हे अशी स्वतःची समजूत घालणारी एखादी सबब. ती सबब बहुधा ‘मी हे उसने घेतो आहे, परत भरणार आहे’ अशी असते. मनुष्य आधी पैसे उचलतो आणि मग पश्चात्ताप टाळण्यासाठी समर्थन शोधतो, असे आपण समजतो. क्रेसीला दिसले ते उलट होते, समर्थन आधी तयार होते आणि हात मागाहून पुढे होतो. म्हणून एखाद्या दफ्तरात ‘इथे सगळेच घेतात’, ‘आपल्या हक्काचे आपणच काढून घ्यावे लागते’, अशी वाक्ये सर्रास कानी पडू लागली, की चोरी झाली नसली तरी तिची पूर्वतयारी झाली आहे, असे जाणत्या वरिष्ठाने ओळखावे.

या सबबीला सर्वांत मोठे खाद्य पुरवितो तो अन्याय. जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत फार उद्‌बोधक आहे. एकाच मालकाच्या तीन कारखान्यांपैकी दोहोंत मागणी घटल्यामुळे दहा आठवड्यांसाठी वेतन पंधरा टक्क्यांनी कमी करण्यात आले. एका ठिकाणी कामगारांना जमवून सुमारे दीड तास सर्व परिस्थिती आकड्यांनिशी समजावून दिली, खेद व्यक्त केला आणि प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत हुकूम ऐकविला. कपात दोन्हीकडे सारखीच. चोरी मात्र जेथे हुकूम ऐकविला तेथे सर्वांत जास्त वाढली, जेथे समजावून सांगितले तेथे बरीच कमी राहिली, आणि पगार पूर्ववत झाल्यावर दोन्हीकडे ती पुन्हा खाली आली. माणसे तीच, कुलपे तीच, पहारेकरीही तेच. फरक होता तो वागणुकीत. आपल्याशी न्यायाने वागण्यात आले नाही असे वाटणारा नोकर अवजारे घरी नेतो, तेव्हा आपण कोणाचे काही चोरतो आहो असे त्याला वाटतच नाही, तर थकलेले येणे वसूल करतो आहो असे वाटते.

आतापर्यंत आपण द्रव्याच्या हानीविषयी बोललो. परंतु कामाच्या जागी माणूस माणसाची जी हानी करतो तिची नोंद कोणत्याच कीर्दीत होत नाही. सँड्रा रॉबिन्सन आणि रिबेका बेनेट या दोघी अभ्यासिकांनी १९९५ मध्ये नोकरांच्या विघातक वर्तनाचे चार कोठ्यांत वर्गीकरण केले, ते दोन प्रश्नांच्या आधारे : हानी संस्थेची की व्यक्तीची, आणि ती सौम्य की गंभीर? लवकर निघून जाणे, काम मुद्दाम रेंगाळत ठेवणे, ही संस्थेची सौम्य हानी. चोरी, मोडतोड, लाच ही गंभीर. सहकाऱ्यांविषयी कंड्या पिकविणे, आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारणे, मर्जीतल्यांना झुकते माप देणे ही व्यक्तीची सौम्य हानी; शिवीगाळ, धमकी, लैंगिक छळ ही गंभीर. जुन्या शास्त्रकारांची दृष्टी पहिल्या दोन कोठ्यांवर होती, कारण ते राजाच्या बाजूने पाहत होते. उरलेल्या दोन कोठ्या दिसण्यासाठी जो सोसतो त्याच्या बाजूने पाहावे लागते.

मुंबईच्या कापडगिरण्यांतील जॉबर हे याचे आपल्या परिचयाचे उदाहरण. खात्यावर माणूस ठेवणे, काढणे, बदलीवाल्याला त्या दिवशी काम देणे न देणे, हे सर्व त्याच्या हाती असे, आणि त्यामुळे कामगाराला जागा मिळविण्यासाठी व ती टिकविण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. मालकाच्या ताळेबंदात या दस्तुरीचा मागमूसही नसे, कारण ती कामगाराच्या खिशातून जाई. १९२९ मध्ये नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने, ज्याला अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ च्या अहवालात ही लाचखोरी स्पष्ट शब्दांत नोंदली, आणि माणसे ठेवण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घेऊन तो मजूर अधिकाऱ्याकडे द्यावा, असे सुचविले. १९३५ पासून मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवून कामे देण्याची योजना सुरू केली, तिचाही एक उद्देश जॉबरच्या या मक्तेदारीला कात्री लावण्याचा होता. जॉबर बदलून प्रश्न सुटला नसता, हे त्या योजनेच्या कर्त्यांनी ओळखले आणि जॉबरच्या हातची किल्लीच काढून घेण्याचा यत्न केला.

स्त्रियांच्या छळाच्या बाबतीत ही दृष्टी कायद्यात यावयास फार उशीर लागला. राजस्थानात बालविवाह रोखण्याच्या सरकारी कामावर असलेल्या एका स्त्रीवर झालेल्या अत्याचारानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात प्रथम मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, आणि एक सदस्य बाहेरचा असावा, असे तो सांगतो. बाहेरच्या सदस्याची ही अट वाचताना हुजुरातून नेमलेल्या दरकदाराची आठवण होते. ज्याची भाकरी त्या कचेरीवर अवलंबून नाही असा एक तरी माणूस चौकशीत असावा, हाच दोहोंमागचा हेतू आहे.

चौकशीच्या या प्रश्नाशी नोकराच्या संरक्षणाचाही संबंध आहे. १९४६ च्या औद्योगिक स्थायी आदेशांच्या कायद्यापूर्वी गैरवर्तन म्हणजे काय हे बहुतेक कारखान्यांत मालक किंवा मुकादम त्या त्या दिवशी ठरवीत असे. त्या कायद्याखालील आदर्श आदेशांनी चोरी, अफरातफर, हेतुपुरस्सर अवज्ञा, लाच, मालाची नासधूस, रजेवाचून दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी, दंगा, सततचा निष्काळजीपणा अशी गैरवर्तनाची यादी लेखी घालून दिली. आरोपपत्र द्यावे, जाब मागावा, बचावाची संधी द्यावी आणि मगच बडतर्फीसारखी शिक्षा करावी, हा क्रम रूढ केला. आणि १९८२ च्या दुरुस्तीने, चौकशी चालू असता तहकूब केलेल्या कामगाराला पहिले नव्वद दिवस निम्मे व पुढे पाऊण वेतन निर्वाहासाठी देण्याचे बंधन मालकावर घातले. अपराध्याला इतक्या सवलती कशाला, असे विचारणारे कारखानदार पुष्कळ भेटतात. त्याला उत्तर ग्रीनबर्गच्या कारखान्यांनीच दिले आहे. शिक्षा एकाला होते, पण ती कशी झाली हे उरलेले सगळे पाहत असतात, आणि अन्यायाने झालेली एक शिक्षा इतर शंभर जणांच्या हाती सबब देऊन जाते.

शेवटी एक प्रकार उरतो, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. जो अंमलदार उत्पन्न घटवितो तो राजाचे धन खातो, हे कोणालाही पटेल. परंतु माशाचा दृष्टांत ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात कौटिल्य असेही म्हणतो की, जो ते दुप्पट करून दाखवितो तो प्रजेला खातो, आणि तो वाढीव पैसा घेऊन आला तर त्याला शाबासकी देण्याऐवजी अपराधाच्या मानाने आवरावे. धन्याला फायदा करून देणारा नोकरही हानिकारक असू शकतो, हा विचार आजही पुष्कळांच्या पचनी पडत नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेने प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात अनेक खाती व सेवा उतरविण्याची लक्ष्ये शाखांना ठरवून दिली. ती पुरी करण्यासाठी नोकरांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावे सुमारे वीस लाख खाती उघडल्याचे सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झाले, आणि पुढील वर्षी खुद्द बँकेनेच तो अंदाज पस्तीस लाखांपर्यंत वाढविला. बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलर भरावे लागले, आणि तोवर सुमारे ५,३०० नोकरांना काढून टाकण्यात आले होते. यांतील बरेचसे खालच्या पायरीवरचे होते. लक्ष्य चुकले तर नोकरी जाते आणि खोटे केले तरी जाते, अशा कोंडीत ते वर्षानुवर्षे होते. आणि एक मनुष्य खोटे करतो तेव्हा त्याच्या शीलाची चौकशी करणे योग्य असले, तरी पाच हजार माणसे एकाच रीतीने खोटे करतात तेव्हा लक्ष्य ठरविणाऱ्याची चौकशी आधी व्हावयास हवी.

याचा अर्थ अपराध करणारा नोकर निर्दोष असतो असा मुळीच नाही. त्याच वेतनात, त्याच संधीत आणि त्याच अन्यायाखाली सरळपणे वागणारी माणसे प्रत्येक कचेरीत असतातच. आणि दोष सगळा व्यवस्थेचा आहे म्हणून अपराध्याला मोकळे सोडणे म्हणजे या माणसांच्या सचोटीचा अपमान करणे होय. शिक्षा झालीच पाहिजे. मात्र तिने अर्धेच काम होते. हिशेब लिहिणारा आणि पैसा हाताळणारा एकच तर नाही ना, वेतन त्या जागेच्या जोखमीला पुरेसे आहे ना, तक्रार घेऊन जावयास अपराध्याच्या वरिष्ठाखेरीज दुसरे कोणी आहे ना, आणि जे साध्य करावयास सांगितले ते सरळ मार्गाने साधण्याजोगे आहे ना, हे चार प्रश्न ज्या धन्याने बडतर्फीच्या हुकमावर सही करण्यापूर्वी स्वतःला विचारले नाहीत, त्याने माणूस तेवढा बदलला; जागा तशीच ठेवली, आणि त्या जागेवर उद्या जो येऊन बसेल त्याच्या अपराधातला काही हिस्सा आजच आपल्या नावे लिहून घेतला.